मोरीच्या फरश्या, देवीची ओवरी

लातुरात हल्ली कुणी नुसतं घर बांधत नाही. खाली आपण आणि वर मुली, नाहीतर वर मुलं, हे आधी ठरतं. देवघर कुठे, हा प्रश्न नंतर. आमचंही तेच झालं. माझे यजमान श्रीनाथ शाळेतून निवृत्त झाले, शिकवणी वर्गांचं पीक गावभर फोफावलं होतंच, आणि बघता बघता आमच्या घराचं मुलींचं वसतिगृह झालं. मी मालविका. मुली मला पाठीमागे फौजदारबाई म्हणतात आणि त्यांना वाटतं मला ठाऊक नाही.

फौजदारी मी केली, पण घर चालवलं सिंधूने. उंचीने बेताची, आवाजाने दणदणीत, शिट्टी देणाऱ्या कुकरलासुद्धा "थांब की रे बाबा, आले" म्हणणारी. ती चाकूरजवळच्या लिंबाळवाडीची. घरी शेती, नवरा रामकिशन अबोल आणि शेतात रमणारा. लेक तनुजा अकरावीला लातुरात आली तेव्हा सिंधू तिच्यामागे गाठोडं घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "बाई, पोरगी वर ऱ्हाईल, मी खाली सैपाक करीन. पोरगी शिकून गेली की मी बी जाईन." पोरगी शिकली, इंजिनिअर झाली, नांदेडला एका तंत्रनिकेतनात शिकवायलाही लागली. सिंधू मात्र गेली नाही. "ह्या लेकरांना कुणाच्या भरवशावर टाकू?" म्हणाली. आमच्या भरवशावर नाही, एवढा अर्थ मी त्यातून काढला.

मुली यायच्या देगलूरहून, मुदखेडहून, कुठून कुठून. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं असायचं, म्हणजे निदान घरच्यांनी तसं ठरवलेलं असायचं. सिंधू त्यांना वाढताना नाव घेऊन वाढायची. कुणाला भाकरीचा पापुद्रा आवडतो, कुणाला वरणात लसूण चालत नाही, सगळं तिच्या डोक्यात. तिची एकच सवय मला कळत नसे. स्वयंपाकघर एवढं ऐसपैस असताना ही बया भाजी निवडायला वरच्या मजल्यावर जायची आणि बाथरूमच्या दाराशी बादली पालथी घालून बसायची. मी म्हणायचे, "अगं, ही काय बसायची जागा?" ती म्हणायची, "हितं गार लागतं."

तिच्याच गावच्या हणमंतरावांनी आपली नात राजश्री आमच्याकडे ठेवली, तीही सिंधूच्या ओळखीने. हणमंतराव गावात आबा म्हणून ओळखले जात आणि गावच्या देवीच्या देवळाचे ते जुने पंच. नातीला सोडायला आले तेव्हा मला म्हणाले, "बाई, तुमी हायत, पर माझा भरवसा सिंधूवर हाय." पुढे राजश्रीला नांदेडच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा आबा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. तो त्यांनी आधी सिंधूच्या हातात दिला.

सिंधू नवरात्र करायची ते आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. घट तिथे, दिवा तिथे, नऊ दिवसांचा उपास तिथे, आणि उपास करून चाळीस मुलींचा स्वयंपाकही तिथेच. एकदा मी विचारलं, "अगं, गावाला देवीचं एवढं देऊळ असताना इथे का?" ती तवा पुसत म्हणाली, "तिथं माझं बसणं बरं न्हाई दिसत, बाई." त्या दिवशी ती एवढंच बोलली. बाकीचं तिने हळूहळू, भाकऱ्या थापता थापता सांगितलं, आणि ते असं.

भूकंप झाला त्या पहाटे सिंधूचे दिवस भरले होते. गणपती बोळवून सगळं गाव दमून झोपलेलं. सासरचं घर दगडमातीचं, वर मातीचं जड माळवद. रामकिशनने तिला ओढून बाहेर काढलं आणि मागे घर बसलं. गावात धूळ आणि आक्रोश. जो तो देवळाकडे धावला, कारण देवळाची ओवरी तेवढी ताठ उभी होती. अंगणाच्या कडेला कमानींची लांबट पडवी, तिला ओवरी म्हणतात. ती जुन्या चुन्यात बांधलेली होती. तडे गेले, पण पडली नाही. अर्धं गाव तिच्या आसऱ्याला होतं, आणि तिथेच सिंधूला कळा सुरू झाल्या. बैलगाडी जुंपायला कुणाचे हात ठिकाणावर नव्हते. गुरवाच्या घरच्या दानम्माने लुगड्याचा आडोसा धरला आणि तनुजा जन्माला आली. सिंधू सांगायची, "पोरगी रडली तवा सारं गाव रडायचं थांबलं, बाई."

पण माणसाची भीती ओसरली की त्याला शास्त्र आठवतं. काही दिवसांनी नवरात्र आलं. गावातल्या काही बाया नऊ दिवस उपास धरून देवळातच मुक्काम करतात, आणि त्यांची बसायची जागा म्हणजे ती ओवरी. आबा तेव्हा नव्याने पंच झालेले. ते म्हणाले, "ओवरीत बाळंतपण झालंय. यंदा बायांना मांडवात बसवू." यंदा म्हणता म्हणता पंचवीस वर्षं गेली. भूकंपानंतर मदत आली, देवळाला सिमेंट लागलं, गाभाऱ्याला चकचकीत टाइल्स लागल्या, बायांना पत्र्याची शेड झाली. ओवरीकडे कुणी वळून पाहिलं नाही. तिच्यात शेळ्या बसू लागल्या. सिंधूला मात्र कुणी कधी अवाक्षर बोललं नाही. बोललं असतं तर तिने भांडून घेतलं असतं. तिला ते छान जमतं. न बोलणाऱ्या गावाशी भांडायचं कसं?

त्या पहिल्या नवरात्रापासून ती ओवरीची पायरी चढली नाही. गावाला गेली तरी अंगणातूनच हात जोडायची. "तिनं मला वाचवलं, माझ्या लेकराला वाचवलं," ती म्हणायची, "आन् माझ्यापायी तिला वनवास आला." हे सांगताना तिची भाकर हमखास करपायची.

मग एका पावसाळ्यात ओवरीची एक कमान ढासळली. पंचांनी बैठक घेतली आणि ठरवलं, ओवरी पाडून तिथे स्लॅबचा हॉल बांधायचा. हे रामकिशनने फोनवर सांगितलं तेव्हा सिंधू कणीक मळत होती. हात तसेच पिठाचे ठेवून ती खाली बसली. मग उठली आणि पहिल्या गाडीने गावाला गेली. आयुष्यात बैठकीत तोंड न उघडलेल्या रामकिशनला तिने उभं केलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं, "ओवरी पाडू नका. आमी दुरुस्त करतो." आबा न्यायाचे. त्यांनी मुदत दिली: "येत्या नवरात्रापर्यंत नीट करा. बाया तिच्यात बसल्या तर ओवरी राहील. न्हाई बसल्या तर हॉल."

तनुजाने नांदेडमध्ये एका जुन्या इमारतीवर चुन्याचं काम करताना पाहिलेला गवंडी आणला. वैजनाथ मिस्त्री, देगलूरकडचा. मराठी बोलता बोलता मध्येच तेलुगूत देवाला हाक मारायचा. ओवरी पाहून म्हणाला, "सिमेंट लावू नका. जुना चुना श्वास घेतो, सिमेंट त्याचं तोंड दाबतं. मग आतल्या आत ओल धरून दगड फुटतो." चुना मिळाला, तो पाण्यात विरवून मुरत ठेवला. पण वैजनाथला सुरखी हवी होती. भाजलेल्या मातीची पूड ती सुरखी. पूर्वी खापरं, जुन्या विटा, फुटकी कौलं कुटून करायचे. नुसता चुना हवेवर सावकाश वाळतो आणि ओल लागली की ढिला पडतो. त्यात सुरखी असली की ओलीतसुद्धा घट्ट होत जातो. आता खापरं आणायची कुठून? आमच्या भागातले कुंभार गणपती आणि रंगवलेल्या कुंड्यांवर जगतात, आणि विटा राखेच्या मिळतात. वैजनाथ हताश झाला.

सिंधू लातूरला परतली आणि आमच्या परसात जाऊन उभी राहिली. तिथे टाइल्सचा ढीग होता. त्याचं श्रेय श्रीनाथांना. मुलीला ठेवायला येणारे पालक जेवण नंतर चाखतात, आधी बाथरूम बघतात, असा त्यांचा सिद्धांत. म्हणून दर एक-दोन उन्हाळ्यांनी जुन्या टाइल्स उपटायच्या आणि नव्या लावायच्या. मी म्हणायचे, मुली डॉक्टर व्हायला आल्यात की टाइल्स बघायला? पण घरच्या मास्तरांना कोण शिकवणार! तर त्या ढिगातला एक तुकडा सिंधूने उचलला. पुढून पांढरा, त्यावर निळं फूल. पाठ मात्र लाल, खापरासारखी. तिने पाठ नखाने खरवडून पाहिली आणि हाक मारली, "बाई, ही बी भाजलेली मातीच की!"

मग आमच्या घरात धुमाकूळ सुरू झाला. तनुजा नांदेडहून आली, तुकडे घेऊन गेली, तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दळून, चुन्यात मिसळून, ठोकळे पाडून बसली. इकडे सिंधूला कुठला धीर. तिने टाइल्स खलबत्त्यात कुटल्या, चुन्यात कालवून लाडू वळले, सुकवले आणि पाण्याच्या बादलीत सोडले. नुसत्या चुन्याचा लाडू विरघळला. लाल पाठीच्या टाइलचा टिकला. पांढऱ्याफेक टाइलचा अर्धवट. "बघा!" म्हणून तिने तो लाडू श्रीनाथांच्या हातात दिला. ते तिळाचा समजून तोंडाशी नेत होते.

पण पहिला गिलावा वाळताच तडकला, कारण सिंधूची पूड भरड होती. तनुजाने फोनवर आईला झापलं, "आई, पिठासारखी पाहिजे, पिठासारखी! भरड थोडी, बारीक जास्त." तेव्हापासून माझी पिठाची चाळण गेली ती गेली. खलबत्त्याने भागेना तेव्हा सिंधू पोतं घेऊन मिरची कांडायच्या गिरणीत गेली. गिरणीवाल्याने हात जोडले. तिने त्याला भूकंपापासूनची सगळी कथा ऐकवली. ती संपेपर्यंत त्याने हात सोडून पोतं उचललं होतं. त्या पुडीतून मिरचीचा उग्र वास यायचा आणि वैजनाथ मिस्त्री शिंकत शिंकत कमान उभी करायचा. पण कमान उभी राहिली. दगडांमधल्या सांध्यांतून लालसर गुलाबी चुना दिसू लागला.

भाद्रपद अर्धा सरला. बाहेरची बाजू झाली, आतला गिलावा निम्म्यावर आला. सिंधूने आमच्याकडून रजा घेतली होती; ती गावातच राहून माल कालवत होती. अंगणात बसून कालवायची, पाट्या भरून द्यायची. आत जायच्या त्या मजूर बाया.

आणि मग तो टेम्पो गेला. टाइल्सचा शेवटचा ढीग न्यायला टेम्पो बोलावला, त्या दिवशी मी घरी नव्हते. श्रीनाथांनी जुना फुटका कमोडही वर चढवून दिला. ड्रायव्हरला म्हणाले, जाता जाता कुठेतरी टाकून दे. 'कुठेतरी' टाकणं म्हणजे कुठेच न टाकणं, हे एवढ्या वयात कळायला हवं होतं. टेम्पो लिंबाळवाडीत शिरला तो सगळ्यात वर कमोड मिरवत, आणि पारावर बसलेल्या सगळ्या गावाने तो पाहिला.

दुसऱ्या दिवशी कधी नव्हे तो रामकिशनचा मला फोन आला. "बाई, काम बंद पडलंय. गाव म्हणून राहिलं, देवीच्या ओवरीत संडास कुटून घातला." मजूर बाया यायच्या थांबल्या होत्या. नवरात्रात बसणाऱ्या बायांनी शेडच बरी म्हणून सांगितलं होतं. मी श्रीनाथांकडे असं पाहिलं की त्यांनी मुकाट्याने गाडी काढली.

आम्ही पोचलो तेव्हा देवळाच्या अंगणात गाव जमलं होतं. कुणी येवो न येवो, वैजनाथने सकाळीच माल कालवून ठेवला होता आणि तो त्याच्याकडे बघत अस्वस्थपणे फेऱ्या मारत होता. चुन्यात सुरखी पडली की त्याच दिवशी वापरावा लागतो. आबा देवीसमोरून ताट घेऊन आले. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. आमच्याकडे बेलभंडार उचलून खोटं बोलणारा माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. निदान तसं कबूल करणारा तरी नाही.

मी वाटेत भाषण तयार केलं होतं. पुढे होऊन म्हटलं, "आबा, तुमच्या गाभाऱ्याला लावलेल्या टाइल्स आणि माझ्या बाथरूमच्या टाइल्स एकाच जातीच्या आहेत. तेव्हा नाही विटाळ आठवला?"

"त्या कोऱ्या होत्या, बाई," आबा शांतपणे म्हणाले. माझं भाषण तिथेच संपलं.

मग ते सिंधूकडे वळले. आवाजात राग नव्हता. "सिंधू, मी गावाचं ऐकून ठरवणार न्हाई. तुझ्या तोंडून ऐकणार. बेलभंडार उचल आन् सांग, ह्या चुन्यात संडास-मोरीचं काही न्हाई. मी सोता बायांना आत बसवतो."

सिंधूने पदर खोचला, चुन्याने माखलेले हात धुतले आणि बेलभंडार ओंजळीत घेतला. "संडासाचं भांडं ह्यात न्हाई," ती खणखणीत म्हणाली. "टेम्पोत आलं व्हतं. मी माझ्या हातानं खदानीत ढकललं. तुकडा बी घेतला न्हाई."

लोकांनी सुस्कारा सोडला. रामकिशनचे खांदे सैल झाले.

"आन् मोरीचं?" आबांनी विचारलं.

सिंधूने ओंजळीतल्या पानांकडे पाहिलं. वैजनाथ तिच्या कानाशी लागला, "न्हाई म्हण की, माय. कुटल्यावर कोण ओळखतंय?" खरंच होतं ते. फुलं, पांढरेपणा, चकाकी, सगळ्याची पूड झाली होती. एक शब्द, आणि पंचवीस वर्षांचा वनवास संपणार होता. माझंच मन ओरडत होतं, म्हण ना गं, म्हणून टाक.

"मोरीचं हाय, आबा," सिंधू म्हणाली. "सारं मोरीचंच हाय."

अंगणात कुजबुज उठली. आबांचा चेहरा पडला; मला वाटतं, तिने नाही म्हणावं असंच त्यांनाही हवं होतं. "मग कसं बसवू बायांना?" ते म्हणाले. "मोरीच्या भिंती त्या. मोरीत काय काय होतंय."

"काय होतंय ते मला म्हाईत हाय," सिंधू म्हणाली. ओंजळ तशीच धरलेली. "मी इतकी सालं त्या मोरीच्या दाराशी बसले. एका खोलीत चौघी-चौघी पोरी, आबा. परीक्षेत मार्क कमी पडले की रडायला जागा न्हाई. खोलीत रडावं तर बाकीच्यांचा अभ्यास मोडतो. घरी फोन करावा तर माय रडती. मग मोरीत जातात, कडी लावतात. रडणं झाकायला नळ सोडावा, तर लातुरात नळाला पानी कुठाय? रिकाम्या बादलीत मग्गा आपटत बसतात. ते आपटणं ऐकू आलं की मी भाजी घेऊन दाराशी जाते. इचारत काहीच न्हाई. म्हनते, मी हाय हितं, मेथी निवडून राहिले. मग हळूहळू आपटणं थांबतं. तवर कधी अर्धी जुडी निवडून होती, कधी सारी."

श्रीनाथ माझ्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे. माझ्या घरातली ती पालथी बादली मला त्या दिवशी समजली.

"भिंतीला डोकं टेकून रडतात लेकरं," सिंधू म्हणाली. "त्याच ह्या फरश्या. इटाळ म्हनाल तर ह्यात एवढाच हाय."

आबा तिच्या हातांकडे बघत म्हणाले, "आमची राजश्री तिथंच व्हती."

"हाव."

"ती तर लई मजेत हाय म्हनायची. दर फोनला म्हनायची."

सिंधूने मान खाली घातली. चार माणसांत त्या पोरीचं गुपित सांगायला ती तयार नव्हती, बेलभंडार हातात असूनही.

"ती बी?" आबांनी विचारलं.

सिंधू दोन पावलं पुढे झाली आणि एकदम हळू बोलली. मी शेजारी उभी होते म्हणून मला ऐकू आलं. "ती बी, आबा. पर लई दिवस न्हाई. शेवटाला तर दार उघडं ठेवून रडायची. माझ्या संगं मेथी निवडत निवडत."

आबांनी तिच्या ओंजळीखाली ताट धरलं. तिने पानं ताटात सोडली. त्यांनी ताट गुरवाच्या हाती दिलं आणि न कुटलेल्या टाइल्सच्या ढिगाशी जाऊन एक तुकडा उचलला. धोतराच्या सोग्याने पुसला. लाल पाठ बघितली, निळं फूल बघितलं, आणि तुकडा हातात तसाच ठेवून ते ओवरीच्या पायरीवर बसले. गाव काहीतरी निवाडा ऐकायला थांबलं होतं. आबांनी खिशातून फोन काढला.

"राजश्री? जेवलीस का गं?" त्यांना फोनवर हळू बोलायची सवय नव्हती, सगळं अंगण ऐकत होतं. "न्हाई, झालं काही न्हाई. सगळे बरे हायत. नुसताच केला... न्हाई गं, अभ्यासाचं न्हाई इचारत. तू कशी हायस, ते सांग." मग ते ऐकत राहिले. पलीकडून ती काय सांगत होती कोण जाणे. मध्ये मध्ये आबा "हाव, हाव" म्हणायचे आणि तुकड्यावरच्या फुलावरून अंगठा फिरवायचे. मला रडू आलं, आणि मी ते आवरलंही नाही.

वैजनाथला हे सगळं दिसत होतं, पण त्याला त्याहून जास्त त्याचा माल दिसत होता. "अय्यो देवुडा," तो म्हणाला, "सुरखीचा चुना हाय, कुणासाठी थांबत न्हाई. पाटी कोण देणार मला?" आणि तो थापी घेऊन आत चढला. मजूर बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

सिंधूने खोरं घेतलं, घमेलं काठोकाठ भरलं, डोक्यावर चुंबळ ठेवून रामकिशनकडून ते उचलून घेतलं आणि पायरीशी आली. वाट आबांनी अडवली होती.

"आबा, जरा सरका की," ती म्हणाली. "माल वाळून राहिला."

आबा फोन कानाला तसाच धरून बाजूला सरकले. राजश्रीने विचारलं असावं, कोण बोलतंय.

"कुणी न्हाई गं," आबा म्हणाले. "आपली सिंधू हाय. ओवरीत चालली."